खडूचा आकडा

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदीकडे निघालं की डाव्या हाताला एक बसथांबा होता आणि थांब्याच्या पलीकडे आमची व्हॅन. चाकं होती, पण ती कुठे जात नसे. मागचं दार वर उचलून बांधलेलं, आत टेबल, टेबलावर मशीन, मशीनमधून निघालेली लांब काळी नळी, आणि दाराला लटकवलेली एक पाटी: ‘गाडी चालू ठेवावी. बोलणे बंद ठेवावे.’ पाटी माझ्या नवऱ्याने रंगवली होती. तो गेल्यावर त्या टेबलामागे मी बसू लागले. सहा वर्षं बसले.

काम काय, तर गाड्यांचा धूर तपासायचा. गाडी आली की इंजिन तापलंय का बघायचं, गिअर काढायला सांगायचा, दिवे बंद करायला लावायचे, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला सांगायचा. गाडी नुसती जागच्या जागी चालू पाहिजे. याला गॅरेजवाले ‘स्लो’ म्हणतात. गाडीने स्लो पकडला की नळी सायलेन्सरमध्ये चांगली हातभर आत सारायची आणि मशीनवरचा लाल आकडा स्थिर होण्याची वाट बघायची. आकडा म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा टक्का, चारचाकीचा तीनच्या आत आला तर पास. मग चिठ्ठी द्यायची आणि पुढची गाडी घ्यायची. यात फारशी अक्कल लागत नाही, आणि मला त्या दिवसांत असंच काम हवं होतं.

पाटी वाचून लोकांना वाटायचं, बोलल्याने मशीन बिघडतं. भले भले प्राध्यापक ओठ आवळून उभे राहायचे. मी कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही, तेवढीच शांतता. खरं म्हणजे पाटी मशीनसाठी नव्हतीच. ती चाचांसाठी होती.

चाचांचं गॅरेज व्हॅनला लागूनच होतं. पत्र्याची शेड, पुढे एक कडुलिंब. चाचा तेव्हा साठीच्या पुढचे. त्यांचं घराणं चार पिढ्या नाना पेठेतलं आणि मराठी माझ्याहून स्वच्छ. माझं माहेर मंडईच्या मागचं, म्हणजे हे मी काही सुखासुखी कबूल करत नाही. त्या काळच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा आणि त्याला एक बारका स्क्रू. तो एका बाजूला पिळला की पेट्रोल जास्त, दुसऱ्या बाजूला पिळला की हवा जास्त. मधली नेमकी जागा सापडली की गाडी स्लोवर एकसारखी चालते आणि धूरही कमी सोडते. ही जागा चाचा कानाने शोधायचे. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे, आणि स्क्रू-ड्रायव्हर केसभर इकडे, केसभर तिकडे. तेवढा वेळ शेजारी कुणी बडबडलेलं त्यांना खपायचं नाही.

त्यांचा एक रिवाज होता. गाडी माझ्याकडे सोडण्याआधी ते मागच्या टायरवर खडूने लिहायचे, ‘दीड’, ‘दोन’, ‘पावणेदोन’. मशीनवर काय येणार त्याचा तो अंदाज. अंदाज म्हणायचं एवढंच. मी नळी घालायला खाली वाकले की खडू दिसायचा, उठून मशीनकडे पाहिलं की तिथेही तेच. मी हे करत असताना चाचा पाठ करून उभे राहायचे. बघितलं तर मजा काय, म्हणायचे. मी मोठ्याने आकडा सांगितला की तसेच पाठमोरे एक बोट वर करायचे आणि दुसऱ्या गाडीकडे वळायचे. चाळीस वर्षांच्या कामाचा त्यांना गर्व होता आणि तो सगळा त्या एका बोटात होता. मशीन बिघडलं तर मला कंपनीच्या आधी चाचांकडून कळेल, असं माझा नवरा म्हणायचा.

नवरा गेला तो चार दिवसांत. छातीत दुखतंय म्हणून रिक्षाने दवाखान्यात गेला आणि तिथे त्याला काचेच्या दाराआड ठेवला. आत एकालाच सोडायचे, म्हणून माझा दीर जायचा. बाहेर येऊन मला सांगायचा, आकडे सुधारतायत वहिनी. सकाळी आकडे सुधारायचे, संध्याकाळी आकडे सुधारायचे. मी घर ते दवाखाना करत होते, पेज नेत होते, ती कुणी खात नव्हतं. चौथ्या दिवशी दीर म्हणाला, घरी जाऊन अंघोळ करा, दोन घास खा, काही घाई नाही. मी गेले. केस धुतले. गॅलरीत केस वाळवत बसले होते, तेव्हा निरोप आला. डॉक्टरांनी दिराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आशा नाही. हे मला मागाहून कळलं.

बाराव्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर मी दिराला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, ‘मला सांगायला हवं होतं.’ तो खाली बघत म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला सहन झालं नसतं.’ माणूस वाईट नाही. पण माझे चार दिवस होते ते. मी काच ठोठावून आत गेले असते, त्याच्या उशाशी बसले असते, काहीतरी बोलले असते. ते चार दिवस मी पेजेचे डबे विसळण्यात घालवले. यावर दिराला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. आमचं येणं-जाणं आहे, सणवार होतात, पण त्या वाक्यापाशी मी जी अडकले ती अडकलेच.

रडू मात्र आलं नाही. बायका आपापसात म्हणायच्या, आत साठलंय हिच्या. आत काही साठलेलं नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला लागत नाही, तशी सगळीच मी झाले होते. पंधराव्या दिवशी चाचा दारात आले. आत आले नाहीत, बसले नाहीत, देवाची मर्जी वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘वहिनी, मशीन नुसतं पडून राहिलं की बिघडतं. उद्या या.’ आणि गेले. सासूबाईंना ते जरा चमत्कारिकच वाटलं. मी दुसऱ्या दिवशी गेले.

मशीन शून्यावर कसं आणायचं, नळीतलं पाणी कसं काढायचं, सायलेन्सरने हात भाजू नये म्हणून फडकं कसं धरायचं, हे सगळं चाचांनी शिकवलं. त्यांच्या हाताखालची प्रत्येक गाडी माझ्याकडे यायची आणि त्यांच्याकडे पाहून बाकीच्यांच्याही येऊ लागल्या. पळणाऱ्या गाडीचे दोष पळण्यात झाकले जातात, उभी केली की कळतात, असं ते म्हणायचे. माझं त्या वेळी उलटं होतं. मी नुसती स्लोवर होते, आणि दोष कुठे आहे ते काही कळत नव्हतं.

गिऱ्हाईक मात्र अस्सल यायचं. एक गृहस्थ गाडी नापास झाल्यावर म्हणाले, अहो, असं कसं, कालच धुतलीय. मी म्हटलं, अंघोळीने खोकला जातो का? दुसऱ्या एकांना आकडा मान्य नव्हता. आम्ही गाडी फारशी चालवतच नाही, म्हणाले. मी म्हटलं, मग चिठ्ठी कशाला हवी, घरीच बसा. लोकांना वाटायचं बाई मोठी ठसक्याची आहे. ठसका कसला, तोंड आपोआप चालायचं. घरी गेल्यावर दिवसभरात कोण आलं होतं हे मला आठवायचं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळी उरकली आणि पहिल्याच आठवड्यात चाचांनी पाठवलेल्या एका गाडीच्या टायरवर ‘दोन’ लिहिलेलं होतं. मशीनवर चार आला. मला वाटलं मशीन बिघडलं. शून्यावर आणून पुन्हा नळी घातली, पुन्हा चार. वाकून पाहत होते तेवढ्यात इंजिनाच्या थरथरीने नळी सरकून अर्धी बाहेर आली. नळी बाहेर आली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडा पडतो. हे पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण या धंद्यात लबाडी करायची तर इथेच करतात. आकडा घसरत घसरत दोनवर आला. चाचा पाठमोरे उभे होते, वाट बघत. मी म्हटलं, ‘दोन.’ त्यांचं बोट वर गेलं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. दुसऱ्या गॅरेजांच्या गाड्या त्यावर बरोबर येत होत्या, चुकत होत्या त्या फक्त चाचांच्या. मग मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. मागून हाक मारली की चाचा वळत नाहीत. चहावाला दोनदा विचारतो. आणि डोळे मिटून मान डावीकडे करण्याऐवजी ते आता इंजिनावर तळहात टेकवून उभे राहतात. कान ऐकेना म्हणून हाताने ऐकू लागले होते. पण हात फसतो. पेट्रोल जास्त सोडलं की इंजिन हाताला मऊ लागतं, थरथर कमी होते, आणि वाटतं जमलं. धूर मात्र वाढलेला असतो. हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलेलं.

मी सांगितलं नाही. पुढच्या गाडीच्या वेळीही नाही, तिच्या पुढच्या गाडीच्या वेळीही नाही. खडू बघायचा, नळी पूर्ण आत घालायची, मग हलके हलके बाहेर ओढायची आणि मशीन खडूपर्यंत आलं की हात थांबवायचा. पोळी लाटताना कुठे थांबायचं हे जसं हाताला कळतं तसं ते कळू लागलं. ‘दीड.’ बोट वर. ‘पावणेदोन.’ बोट वर.

कुणी म्हणेल दया आली असेल. दया आली असती तर निदान काहीतरी आल्याचं कळलं असतं. माझ्यात ते नव्हतंच. सांगायचं तर त्यांच्यासमोर उभं राहायला लागलं असतं, त्यांचा चेहरा बघायला लागला असता, आणि मग पुढे काय होईल ते सगळं सोसायला लागलं असतं. ते माझ्या जिवावर आलं होतं. एक गोष्ट जशी आहे तशी राहू दे, एवढंच मला हवं होतं. मूग गिळून बसणं सोपं असतं, त्याला नुसतं बसावं लागतं.

गाड्यांचं ॲव्हरेज पडायला लागलं तेव्हा लोकांनी पेट्रोलपंपाला शिव्या घातल्या. पुण्यात मेकॅनिक बदलणं म्हणजे जावई बदलण्यासारखं, आधी सगळं जग वाईट ठरवून झालं पाहिजे. चाचांच्या मुलाला शंका आली होती. कान तपासून घ्या म्हणून तो मागे लागला होता, डॉक्टरांकडे नाव नोंदवून आला होता. चाचा गेले नाहीत. मला हे चाचांनीच हसत सांगितलं. ‘मी त्याला म्हटलं, आकडा मशीनला विचार. वहिनींच्या मशीनला काय माझी भीड आहे?’ त्या दिवशी मी घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि झोपले. झोप चांगली लागली, हेही सांगून टाकते.

होळी झाली आणि वाघोलीचे एक शेतकरी आले. मागच्याच आठवड्यात चाचांनी त्यांची गाडी लावून दिली होती आणि मी चिठ्ठी दिली होती. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, आवाज खालचा. नगर रस्त्यावर अचानक तपासणी लागली होती, तिथे त्यांची गाडी सपशेल नापास झाली. हातात माझी कोरी करकरीत चिठ्ठी असताना. ते भांडायला आले नव्हते, आणि त्याने जास्त पंचाईत झाली. भांडणाऱ्याला मी सहज निस्तरलं असतं.

ते चाचांना म्हणाले, ‘तुमचा हात मला म्हाईत हाय. चिठ्ठीबी हाय. मंग खरं काय?’ आणि मग माझ्याकडे वळून, तक्रार म्हणून नव्हे, आपलं बोलण्याच्या ओघात, सांगू लागले की नात मागच्या सीटवर बसली की डोकं दुखतं म्हणते, मळमळतं म्हणते. शाळेत जायचं नसेल म्हणून नाटकं करते असं घरच्यांना वाटलं. तिला चिठ्ठी दाखवली होती त्यांनी. म्हणाले, ‘म्हटलं, हे बघ, मशीननं पास केलंय, गप बस.’

चाचांना निम्मंच ऐकू आलं असावं. पण आपल्या कामावर आणि माझ्या मशीनवर संशय घेतला जातोय एवढं त्यांना कळलं. थांब्यावरची चार माणसं जवळ आली होती. चाचांनी गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं, इंजिनावर तळहात टेकवला, स्क्रू थोडा पिळला, आणि मागे येऊन टायरवर ठळक लिहिलं, ‘दोन’. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘लावा वहिनी. तुमचं मशीन आणि माझा कान यांत फरक पडला, तर आजपासून शेड बंद.’ आणि नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले.

मी वाकले. खडू नाकासमोर होता. नळी पूर्ण आत घातली. शेतकरी माझ्या शेजारी उकिडवे बसले होते, पण त्यांच्या बसण्याने माझं काही अडत नव्हतं. शेकडो लोकांच्या देखत मी नळी ओढली होती, कुणाला कधी कळलं नव्हतं. मी ती धरली. ओढायची तर होती. आणि मला ती पोरगी दिसायला लागली, मागच्या सीटवर काच बंद करून बसलेली, डोकं धरून, आणि तिच्या पुढे माझी चिठ्ठी धरलेली. आकडे बरोबर आहेत, गप बस.

मी हात काढून घेतला. उठून मशीनपाशी गेले. आकडा चढत होता. स्थिर झाल्यावर मी तो मोठ्याने सांगितला.

‘साडेपाच.’

बोट वर गेलं नाही. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगितलं. चाचा वळले. मशीनकडे चालत आले, चष्मा वर करून आकडा पाहिला, मग नळीकडे पाहिलं, ती सायलेन्सरमध्ये कुठपर्यंत गेलीय ते पाहिलं, मग माझ्या हाताकडे. चाळीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. ते शेतकऱ्यांकडे गेले आणि हात जोडले. गाडी ठेवून जा, म्हणाले, आणि पोरीला सांगा की तिचं बरोबर होतं. मग शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसले. माणसं पांगली.

दुपारभर मी तीन-चार गाड्या तपासल्या. त्या पास झाल्या की नापास, सांगता येणार नाही. उन्हं उतरल्यावर चाचा व्हॅनपाशी आले. कुठल्या गाडीपासून हे सुरू झालं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग दर वेळी का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, दर वेळी. ते मान हलवत राहिले. मनातल्या मनात गाड्या मोजत असावेत. त्यांना प्रत्येक गाडी आठवायची, मालकासकट.

मग ते म्हणाले, ‘वहिनी, मला सांगायला हवं होतं.’

मी म्हटलं, ‘चाचा, तुम्हाला सहन झालं नसतं.’

बोलून गेले. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मगच मला ऐकू आले. तोच सूर, तशीच खाली घातलेली मान. स्वयंपाकघरातला तो मोरीजवळचा कोपरा, दिराच्या धोतराला लागलेला पिठलं-भाताचा डाग, सगळं समोर आलं. मी त्याला तीन वर्षं मनात उभा करून जाब विचारत होते, आणि इथे त्याच्या जागी मी बसले होते. मला माझी शिसारी आली. इतकी स्पष्ट की मी दचकले, कारण बऱ्याच दिवसांत काही स्पष्ट असं आलंच नव्हतं.

चाचा शांतपणे म्हणाले, ‘ते मी बघितलं असतं.’

चार शब्द. बाराव्या दिवशी मला हेच म्हणायचं होतं आणि सुचलं नव्हतं. ते मी बघितलं असतं. सहन झालं असतं, नसतं झालं, माझं मी बघितलं असतं. मी व्हॅनच्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, भर रस्त्यावर, समोर बस थांबलेली असताना. कुणासाठी रडत होते ते एकदम सांगता येणार नाही. आधी चाचांसाठी, मग त्या पोरीसाठी, आणि मग कितीतरी वेळ काचेच्या दाराआड झोपलेल्या माझ्या माणसासाठी. चाचांनी माझी समजूत काढली नाही. ते वळले आणि पाठ करून उभे राहिले, मी नळी घालत असताना राहायचे तसे. त्यांना माझं रडणं ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. पण मी थांबेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

शेड बंद झाली, पण दुसऱ्या दिवशी नाही. शब्द दिला होता तरी बंद करण्याआधी सगळ्या गाड्या परत बोलावल्या पाहिजेत, असं चाचांचं म्हणणं पडलं. दिवाळीपासून गेलेली एकूण एक गाडी. मुलाला घरोघर पाठवलं. लोक कुरकुरत आले. काही म्हणाले आमचं तर ठीक चाललंय, काहींनी पंपाची मागे घेतलेली शिवी चाचांना घातली. चाचांनी ऐकून घेतली. ऐकून घेतली म्हणजे जेवढी ऐकू आली तेवढी. माझ्याबद्दल त्यांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. मीच प्रत्येकाला सांगितलं की चिठ्ठी मी चुकीची दिली होती. काही जण त्यानंतर माझ्याकडे कधी आले नाहीत, आणि बरोबर होतं त्यांचं.

पहिली गाडी वाघोलीची लागली. शेतकरी नातीला घेऊन आले होते. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, माझ्याकडे सरळ बघत नव्हती. चाचा बॉनेटमध्ये वाकले. टायर पुसून स्वच्छ केलेला होता, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी नळी पूर्ण आत घातली, वर फडकं ठेवलं आणि मशीनपाशी उभी राहिले.

‘बोला वहिनी,’ चाचा बॉनेटमधूनच म्हणाले.

मी म्हटलं, साडेपाच. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पोचलं नव्हतं. मी पाटी उलटी फिरवली, तोंडाशी हात धरला आणि पोटापासून ओरडले, ‘साडेपाच.’ बसथांब्यावरची माणसं वळून बघू लागली. चाचांनी स्क्रू केसभर फिरवला. ‘साडेचार.’ आणखी केसभर. ‘चार.’ घसा खरवडून निघत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, मी ते पुसलं नाही. ‘तीन.’ ‘अडीच.’ ती पोरगी आता मशीनजवळ येऊन लाल आकडा बघत होती. दोन आला, तसा माझ्या आधी तिनेच ओरडून सांगितला. चाचांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी नळीकडे बघितलं. ती पूर्ण आत होती.

‘दोन,’ मी म्हटलं. ‘खरा.’